अँप्लिफायरचा प्रोटेक्शनचा दिवा लागल्यास काय तपासावे

अँप्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी ऐकू येणारा ‘टक्’ असा आवाज रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा असतो. आउटपुटवर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे) व्होल्टेज नाही याची खात्री झाल्यावरच हा रिले स्पीकर जोडतो. तो आवाज न येता लाल दिवा लुकलुकत राहिला, तर संरक्षक सर्किटने स्पीकर तोडून ठेवले आहेत असे समजावे.

प्रथम प्लग काढून स्पीकरच्या सर्व वायरी सोडवाव्यात आणि टर्मिनल नीट पाहावेत, कारण लाल टर्मिनलमधून निसटलेली तांब्याची केसाएवढी एक तार काळ्याला टेकली तरी शॉर्ट होतो. मग वायरींशिवाय अँप्लिफायर चालू करावा. रिले लागला, तर दोष वायरीत, स्पीकरमध्ये किंवा जोडणीत आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार ४ ओहमच उरतो आणि अँप्लिफायरवर ताण वाढतो, हेही ध्यानात घ्यावे. तासाभराने दिवा लागत असेल, तर बहुधा वरच्या जाळ्या झाकल्या गेल्याने उष्णता कोंडते.

वायरी काढूनही दिवा राहिला, तर बहुतेक वेळा आउटपुट ट्रान्झिस्टर जळालेला असतो. अशा वेळी रिले बायपास करण्याचा सल्ला कोणी दिला तरी मुळीच मानू नये: थेट डीसी गेल्यास वूफरची (खोल आवाजाच्या स्पीकरची) कॉइल जळते. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो, म्हणून झाकण जाणकार दुरुस्ती कारागिरानेच उघडावे.