सर्टिफिकेशन करायचंय? मग आधी वीस जाहिराती वाचा

मे महिन्यात गावी गेलं की पडवीत फणस फोडता फोडता कोणीतरी विचारतंच, तू आयटीत ना रे, मग आमच्या मुलाने कुठलं सर्टिफिकेशन करायचं ते सांग. मी उलट विचारतो, नोकरी कसली हवीय? पुढे शांतता. बरेच जण कोर्स आधी ठरवतात आणि नोकरी नंतर शोधतात, आणि मग एमएस-सीआयटीच्या शेजारी अजून एक कागद फाईलला लागतो, बस.

तर पहिलं काम असं करा, वही घ्या आणि नोकरीच्या साईटवर तुम्हाला हव्या असलेल्या पोस्टच्या वीस जाहिराती वाचा, पुणे, मुंबई, गोवा, जिथे जायची तयारी आहे तिथल्या. प्रत्येकीत कुठल्या सर्टिफिकेशनचं नाव येतं त्याच्यापुढे एक रेघ मारा. ज्याच्यापुढे जास्त रेघा ते तुमचं. अनुभव किती मागतायत तेही बघा, सगळीकडे पाच वर्षं लिहिलं असेल तर ते दार आत्ता आपलं नाही, एक पायरी खाली उतरा.

साधारण चित्र असं दिसतं. नेटवर्कच्या कामाला सिस्को कंपनीचं सीसीएनए, लिनक्स सर्व्हरला रेड हॅटचं आरएचसीएसए, क्लाउडला (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर) अॅमेझॉनचं एडब्ल्यूएस नाहीतर मायक्रोसॉफ्टचं अझूर, सिक्युरिटीला सिक्युरिटी प्लस (पण नेटवर्क कच्चं असेल तर सिक्युरिटीच्या नादाला लागू नका, पाया नसताना माडी बांधल्यासारखं होतं). हार्डवेअर आणि हेल्पडेस्कसाठी ए प्लस आहे, पण त्याचे दोन पेपर आणि दोन्हीची फी वेगळी, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं हेच काम केलं असेल तर माझ्या मते ते पैसे सीसीएनएला वापरा. एडब्ल्यूएसचा क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरचा आणि सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० चा, वर टॅक्स. पहिला दिल्याशिवाय दुसरा देता येत नाही असं क्लासवाले सांगतात, तसं काही नाही, टेक्निकल काम करत असाल तर सरळ दुसरा द्या.

आता अभ्यास. यूट्यूबवर पहिल्या व्हिडिओपासून सुरुवात करू नका, कंपनीच्या साईटवर परीक्षेचा सिलॅबस फुकट मिळतो तो प्रिंट करा आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक लिहा, येतं, ऐकलंय, माहीत नाही. सुरुवात "माहीत नाही" पासून. नोकरी करून रोज दीड तास मिळत असेल तर सीसीएनएला तीन-चार महिने धरा, पंधरा दिवसांत पासची गॅरंटी देणारे डंप, म्हणजे खऱ्या पेपरातले चोरलेले प्रश्न, विकतात आणि त्यात पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

सीसीएनएला सगळे सबनेटिंगला, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे गठ्ठे पाडायच्या हिशोबाला घाबरतात, ते एकदा हाताने करून बघा. पत्ता आहे १९२.१६८.१०.७०/२७. पूर्ण पत्ता ३२ बिटांचा, /२७ म्हणजे त्यातले पहिले २७ नेटवर्कचे. ३२ मधून २७ गेले, उरले ५ बिट, म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२ चा गठ्ठा. आता ०, ३२, ६४, ९६ असं मोजा, ७० कुठे पडतो? ६४ च्या गठ्ठ्यात. मग ६४ हा नेटवर्कचा पत्ता, ९५ ब्रॉडकास्ट (गठ्ठ्यातल्या सगळ्यांना एकदम निरोप जातो तो पत्ता), आणि मशीनला द्यायला ६५ ते ९४, म्हणजे ३०. झालं. असे रोज दहा करा, सकाळी चहा उकळेपर्यंत होतात, आणि महिन्याभराने कागदही लागत नाही. पेपरमध्ये याचा फायदा कळतो कारण सिस्कोच्या परीक्षेत पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही.

प्रॅक्टिकलला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच लुटुपुटीचं नेटवर्क बांधायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. आरएचसीएसए तर सगळी हातानेच करायची परीक्षा, ३०० पैकी २१० लागतात, आणि केलेलं काम मशीन रिबूट झाल्यावर टिकलं पाहिजे. घरी सराव करताना मी डिस्क माउंट करून खूश आणि एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली फाईल) एक अक्षर चुकलेलं, रिबूट केलं तर मशीन उठेचना, तेव्हापासून प्रत्येक काम झालं की रिबूट ही सवयच लागली. एडब्ल्यूएसवर सराव करणार असाल तर पहिल्या दिवशी बिलिंगचा अलर्ट लावा, नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) बंद करायला विसरलात तर तो नुसता पडून राहिला तरी तासावर पैसे खातो.

परीक्षेची तारीख मात्र आपलं कॅलेंडर बघून घ्या. शिमगा नको, गणपतीत तर नकोच, आणि जुलैमध्ये घरून ऑनलाईन पेपर द्यायचा म्हणजे लाइटीचा आणि नेटचा जुगार. माझा एक पेपर भर दुपारी चालू होता, टेबल रिकामं, कॅमेऱ्याला खोली फिरवून दाखवलेली, दाराला कडी घालायची राहिली आणि आजी आत, "रे झिला, चाय घेतंस?" संपलं, पेपर बंद, फी गेली, आणि आजीला अजून कळलेलं नाही की तिने काय केलं. पुढच्या वेळी रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला सेंटरवर जाऊन दिला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून आदल्या दिवशीच पोचलेलं बरं.

अजून एक, एडब्ल्यूएसचा पेपर इंग्रजीत देणार आणि इंग्रजी तुमची मातृभाषा नाही, तर ३० मिनिटं जादा मिळतात, पण ती स्लॉट बुक करायच्या आधी अकाउंटमधून मागायची असतात, नंतर नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न मोकळा सोडू नका. नापास झालात तर १४ दिवस थांबायचं, सिस्कोला ५. ओळखपत्रावरचं नाव आणि अकाउंटवरचं नाव एकच ठेवा, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही यावरून दारातून परत यावं लागतं.

पास झाल्यावर सीसीएनए आणि एडब्ल्यूएस तीन वर्षं चालतं, अझूरची अॅडमिनिस्ट्रेटरसारखी असोसिएट लेव्हलची एक वर्ष, पण ती घरबसल्या फुकट रिन्यू होतात, मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून. मेल येतो त्याचा, म्हणून अकाउंट ऑफिसच्या मेलवर काढू नका, नोकरी सोडली की तो मेलही जातो.