गिब रिव्हर रोडवर कॅम्पर ट्रेलर ओढून नेताना: वजन, हवा, बेअरिंग आणि नद्या

पश्चिम ऑस्ट्रेलियातील किम्बर्ली प्रदेशात डर्बीपासून कुनुनुराच्या दिशेने जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे. दोन्ही टोकांचा काही भाग आता डांबरी झाला आहे, बाकी खडी, लाल माती आणि नद्या. पर्थ, मेलबर्न, सिडनीत राहणारी मराठी कुटुंबेही आता मुक्कामाची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर भाड्याने घेऊन इकडे येतात. इथे ट्रेलर मोडतो तो सहसा एखाद्या मोठ्या खड्ड्यामुळे नव्हे. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर तो तासन्‌तास थरथरतो, आणि त्या थरथरीने बोल्ट सैल होतात, शॉक अब्सॉर्बर तापून गळतात, वायरी घासून तुटतात. या लाटांना तिकडे ‘कॉरुगेशन’ म्हणतात. पुढची बहुतेक तयारी या थरथरीसाठीच आहे.

हंगाम आणि भाड्याचा करार

जायचे ते कोरड्या हंगामात, साधारण मे ते ऑक्टोबर. पावसाळ्यात रस्ता बंद असतो. मे महिन्यातही काही नद्यांना पाणी जास्त असू शकते, म्हणून निघण्याआधी आणि वाटेत जिथे नेटवर्क मिळेल तिथे ‘मेन रोड्स’ या सरकारी खात्याची रस्त्यांची ताजी स्थिती पाहा. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या तिथल्या लोकांना पुढे हंगामभर सोसाव्या लागतात, ते वेगळेच.

ट्रेलर भाड्याचा असेल तर करारात कच्च्या रस्त्याची परवानगी आहे का, आणि गिब रिव्हर रोडचे नाव त्यात स्पष्ट आहे का, ते वाचा. साध्या डांबरी रस्त्यासाठीचा ट्रेलर इथे आणू नये. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) किंवा स्वतंत्र सस्पेन्शनची मजबूत बांधणी, इलेक्ट्रिक ब्रेक आणि ऑफ-रोड कपलिंग (गाडी आणि ट्रेलरमधला जोड) या तीन गोष्टी हव्यातच. साधा ५० मिलिमीटरचा टो बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा, खोल खळग्यात कपलिंगला पुरेसे वळू देत नाही. डीओ३५ किंवा मॅकहिच या प्रकारचे कपलिंग तिन्ही दिशांना फिरते, त्यामुळे गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी जोडावर पीळ पडत नाही.

पायरी १: वजन काट्यावर, अंदाजाने नाही

गाडीची ओढण्याची क्षमता ३५०० किलो लिहिलेली असली तरी ती सगळी वापरता येतेच असे नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालते, तो आकडा वेगळा असतो. त्याला जीसीएम म्हणतात. समजा जीसीएम ६००० किलो आहे आणि माणसे, डिझेल, फ्रीज, छतावरचे सामान धरून गाडीच ३००० किलोची झाली, तर ट्रेलरला उरले ३०००.

सगळे सामान, पाणी आणि गॅस भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवून फक्त त्याची चाके काट्यावर घ्या. मग तो सोडून, पुढच्या लहान चाकासकट पूर्ण ट्रेलर तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो बॉलवर पडणारा भार. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के असावा: १५०० किलोच्या ट्रेलरला साधारण १५० किलो. फार कमी असेल तर ट्रेलर वेगात डावीउजवीकडे डोलू लागतो. फार जास्त असेल तर गाडीचे मागचे टोक दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. हा भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेतही मोजावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटर डिझेल म्हणजे साधारण १७ किलो, शिवाय कॅनचे वजन. जड सामान खाली आणि ॲक्सलच्या आसपास ठेवा. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन भरलेले कॅन आणि सायकली लटकवणे ही डोलण्याची पक्की सोय आहे.

ब्रेकचे नियमही वजनावर ठरतात. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत, त्यावर २००० किलोपर्यंत किमान एका ॲक्सलला, आणि २००० किलोच्या वर सर्व चाकांना लागतात. शिवाय त्या वजनाचा ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही हवी.

पायरी २: चाके, बेअरिंग, बोल्ट

शक्य असेल तर गाडी आणि ट्रेलरची चाके एकाच मापाची आणि एकाच बोल्ट-आखणीची ठेवा. मग दोन्हींच्या मिळून दोन स्टेपन्या कोणत्याही चाकाला चालतात.

बेअरिंगसाठी ट्रेलर जॅकवर उचला, चाक हाताने फिरवा आणि ऐका. खरखर आली तर बेअरिंग गेले. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) उघडून पाहा. नट घट्ट करताना चाक फिरवत राहा, किंचित अडेपर्यंत आवळा, मग सैल सोडून फक्त बोटांनी घट्ट करा आणि जवळच्या भोकात नवी स्प्लिट पिन घाला. पान्याने कचकचून आवळलेले बेअरिंग काही तासांत तापून जळते. ग्रीसगनने टोपीत दाबून दाबून ग्रीस भरू नका. जास्तीचे ग्रीस सील ओलांडून ब्रेक ड्रममध्ये उतरते आणि ब्रेक लागत नाहीत.

सोबत एक पूर्ण संच घ्या: आतले आणि बाहेरचे बेअरिंग, सील, स्प्लिट पिन, ग्रीस, सील बसवायला लाकडाचा ठोकळा आणि हातोडी. बेअरिंगवर कोरलेला नंबर आधी वाचून तोच आणा. ट्रेलर कोणत्या कंपनीचा आहे यावरून बेअरिंग ठरत नाही.

पाट्यांचे यू-बोल्ट, शॉक अब्सॉर्बरचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, आणि पहिल्या १०० किलोमीटर कच्च्या रस्त्यानंतर पुन्हा. नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली की सैल झालेला नट लांबूनच दिसतो.

ब्रेकच्या वायरी ॲक्सलखाली लोंबत असतील तर रबरी नळीत घालून बांधून टाका. उडालेली खडी त्याच आधी तोडते.

पायरी ३: गाडीची मागची काच आणि धूळ

हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळते: मागच्या चाकांनी उडवलेला दगड ट्रेलरच्या पुढच्या भागावर आपटतो आणि उलटा येऊन गाडीची मागची काच फोडतो. ट्रेलरच्या दांड्यावर जाळीचा किंवा जाड कापडाचा स्टोन गार्ड लावा. तो नसेल तर काचेवर बाहेरून जाड प्लास्टिकचा पन्हाळी बोर्ड चिकटवा.

धुळीसाठी ट्रेलरच्या खिडक्या आणि गॅसचे झरोके सोडून इतर फटी टेपने बंद करा, दारांचे रबर तपासा. पुढे वाऱ्याकडे तोंड असलेला झरोका असेल तर चालताना तो उघडा ठेवा. आत हवेचा दाब वाढला की धूळ आत शिरत नाही. मुक्कामाला मात्र गॅसचे झरोके मोकळे हवेत.

स्वयंपाकाच्या सामानाचीही हीच कथा. काचेच्या बरणीतले लोणचे आणू नका. तेलाच्या बाटलीचे झाकण थरथरीने आपोआप उघडते, म्हणून बाटली चेनच्या पिशवीत घालून उभी ठेवा. डबाबंद पेयांचे ॲल्युमिनियमचे डबे एकमेकांवर घासून चक्क भोके पडतात. मध्ये फडकी किंवा टॉवेल कोंबा. आणि नॉर्दर्न टेरिटरीकडून येत असाल तर कुनुनुराजवळच्या तपासणी नाक्यावर ताजी फळे, भाज्या, मध आत नेऊ देत नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीलाही सूट नाही. ताजी खरेदी कुनुनुरातच करा.

पायरी ४: टायरची हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. डांबरी रस्त्यावर गाडीच्या मागच्या चाकांत ३८–४० पीएसआय असेल तर खडीवर ती २८–३० वर आणा, पुढची २६–२८ वर. १२००–१५०० किलोच्या ट्रेलरला खडीवर २४–२६ पुरते. हवा भरपूर असली की टायर दगडावर ताणून बसतो, कापला जातो आणि प्रत्येक लाट सस्पेन्शनला पोचवतो. हवा कमी केली की टायर स्वतः दबतो. पण कमी हवा आणि जास्त वेग ही जोडी टायरची भिंत तापवून फाडते, म्हणून हवा उतरवली की वेगही ८० च्या आत. मऊ वाळू लागली तर १६–१८ पीएसआय आणि वेग ४० च्या खाली.

आकडा बरोबर आहे का हे टायरच सांगतो. सकाळी थंड असताना हवा मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. सुमारे ४ पीएसआय वाढली असेल तर ठीक. त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती किंवा वेग जास्त होता. जेमतेम एक-दोनच वाढली तर हवा अजून थोडी उतरवता येईल. हवा भरायचा चांगला कंप्रेसर सोबत हवाच, नाहीतर माणूस हवा उतरवायला कचरतो.

पायरी ५: रस्त्यावर

ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर डांबरावर ठरवून घ्या: ताशी ३० किलोमीटरला चालकाजवळचे ट्रेलर-ब्रेकचे बटण हाताने दाबले की ट्रेलरने गाडीला मागे ओढल्यासारखे वाटावे, पण चाके घसरू नयेत. खडीवर आल्यावर जोर कमी करा. ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा.

लाटांवर अमुक वेग धरला की गाडी ‘तरंगते’ असे सांगणारे भेटतील. गाडीला कदाचित बरे वाटते, ट्रेलरला नाही, आणि वळणावर पकड राहत नाही. ५० ते ७० हा पल्ला पुरे आहे.

दर तासाला थांबा. प्रत्येक हबजवळ हात न्या: कोमट असणे ठीक, पण एकाच ॲक्सलवरचा एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापला असेल तर ते बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे. शॉक अब्सॉर्बरला हात लावू नका, भाजेल. तेलाचा ओघळ फक्त डोळ्यांनी पाहा. तापलेल्या भागावर पाणी ओतू नका.

गुरे नेणाऱ्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले लांब ट्रक, इथे येतात. लांबून धूळ दिसली की डावीकडे घेऊन थांबा, दिवे लावा, ती गेल्यावर धूळ खाली बसू द्या. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाले तिथेच बोलतात.

डिझेलसाठी माउंट बार्नेट रोडहाऊस हा मधला भरवशाचा थांबा, डर्बीपासून सुमारे ३०० किलोमीटरवर. शंभर किलोमीटरला ११ लिटर खाणारी गाडी ट्रेलरसह सहज १५–१६ खाते. मिचेल धबधब्याकडे जाणारा कालुम्बुरू रोड याहून खडतर आहे. अनेक जण ट्रेलर ड्रायस्डेल रिव्हर स्टेशनवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) ठेवून फक्त गाडी पुढे नेतात, आणि आम्हालाही तेच योग्य वाटते.

पायरी ६: नदी

एरवी पाणी ओलांडण्याआधी पायी चालून तळ पाहावा, असा नियम आहे. पेन्टेकोस्ट नदीत तो कटाक्षाने मोडा. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. काठावरही पाण्यापासून दूर राहा. खोली मोजायच्या खांबावरचा आकडा वाचा, आधीची गाडी कुठून जाते आणि पाणी तिच्या चाकाला कुठवर लागते ते पाहा, आणि ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबा.

नदीपूर्वी थोडा वेळ थांबून हब निवू द्या. तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग ग्रीस दुधाळ होते आणि बेअरिंग गंजते.

लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचा कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा), दुसरा गिअर, एकसारखा संथ वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. ट्रेलर वळणावर आतल्या बाजूने येतो, म्हणून मोठ्या दगडांना वळसा रुंद घ्या. पाणी ट्रेलरच्या पेटीच्या तळावर चढेल असे वाटले तर जाऊ नका. हलका ट्रेलर तरंगतो आणि प्रवाह त्याला, त्याच्यासोबत गाडीला, आडवे करतो. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर इंजिन फुटते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून ड्रम वाळवा.

पायरी ७: अडकलात तर

आधी गाडी आणि ट्रेलर एकमेकांपासून सोडवा. वाळूत रुतलेली जोडगोळी एकत्र ओढण्यापेक्षा ट्रेलर सोडून गाडी बाहेर काढणे आणि मग लांब पट्ट्याने ट्रेलर ओढणे सोपे पडते. हवा १५–१६ वर आणा, चाकांपुढची वाळू फावड्याने काढा, रिकव्हरी पाट्या चाकाखाली घाला. ओढायचा पट्टा टो बॉलला कधीही, कुठल्याही घाईत, लावू नका. बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि यात माणसे मेली आहेत. क्षमता कोरलेला शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) आणि चॅसिसला पक्की बसवलेली जागाच वापरा. बघे पट्ट्याच्या रेषेपासून दूर.

प्यायला माणशी रोज ५–७ लिटर पाणी धरा, वर तीन दिवसांचा जादा साठा, आणि तो एकाच टाकीत नको. एक टाकी दगडाने फुटली तर दुसरी असावी. बहुतेक वाटेत मोबाइल चालत नाही. सॅटेलाइट फोन आणि ४०६ मेगाहर्ट्झचा, स्वतःच्या नावावर नोंदवलेला आपत्कालीन बीकन बरोबर घ्या. बीकन दाबल्यावर गाडी सोडून चालत निघू नका. विमानाला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

डांबरावर परतल्यावर

वेग वाढवण्याआधी हवा पुन्हा भरा आणि ब्रेकचा जोर वाढवा. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा. ट्रेलरखाली झोपून, दांडा पेटीला जिथे जोडला आहे तिथला सांधा टॉर्चने पाहा. धुळीतून गेलेली गंजाळ, केसाएवढी रेघ दिसली तर ती चीर आहे, वेल्डिंग झाल्याशिवाय तो ट्रेलर पुढे ओढू नका. मग हब उघडा. ग्रीस दुधाळ असेल तर बेअरिंग धुऊन नवे ग्रीस, सील मात्र दरवेळी नवे.