लाळेतून साखर तपासताय? या चुका टाळा

रोज बोटाला सुई टोचून घेणं किती जिवावर येतं, ते मधुमेह असलेल्यालाच ठाऊक. म्हणूनच ‘रक्त नको, नुसत्या लाळेतून साखर कळते’ असं कुणी सांगितलं की हायसं वाटतं. लाळेत ग्लुकोज असतं, हे खरंच आहे. पण किती? दर १०० मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम असेल, तर तेवढ्याच लाळेत जेमतेम एक-दोन.

सगळ्यात घातक चूक इथेच होते. घरातल्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला लाळेचा थेंब लावून पाहिला जातो. ती पट्टी रक्तासाठी बनवलेली असते आणि बहुतेक मीटर २० मिलिग्रॅमच्या खाली आकडाच दाखवत नाहीत. मग पडद्यावर येतं ‘लो’, नाहीतर एरर. ते ‘लो’ बघून साखर उतरली असं समजून घाईघाईने गोड खाल्लं आणि रक्तात साखर आधीच २५० असली, तर? कृपा करून हा प्रयोग करू नका. लाळेसाठी कितीतरी पटींनी संवेदनशील सेन्सर लागतो. तसे बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने छापील सेन्सरवर काम केलं आहे.

लाळेची खास चाचणी असली, तरी तोंड दगा देतं. दातांत अडकलेला गोड कण किंवा हिरडीतून आलेलं किंचित रक्त एवढ्यानेही आकडा फुगतो. उलट नमुना तसाच ठेवला, तर त्यातले जंतू ग्लुकोज खाऊन टाकतात. तोंड कोरडं पडणं मधुमेहात नेहमीचंच. मग लाळ सुटावी म्हणून काही चघळलं, तर लाळेतलं साखरेचं प्रमाणच बदलतं.

लाळेच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस कधीच ठरवू नका. घाम फुटला, हात थरथरू लागले, तर बोटातूनच तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर घ्या. मीटर हाताशी नसेल, तर तपासणीसाठी थांबू नका, आधी साखर घ्या. मधुमेहाचं निदानही रक्तावरच होतं: उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के वा अधिक.

सुईचीच धास्ती असेल, तर बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. दर वेळी बोट बदला आणि सुई नवी घ्या. टोचण्याआधी हात धुवून नीट कोरडे करा, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा येतो.