केग कापायच्या आधी आतला गॅस सोडा
अमेरिकेत घरी बिअर करणारे बरेच जण हाफ बॅरल केग, म्हणजे बिअरचं जवळपास ५९ लिटरचं स्टीलचं पिंप, कापून त्याचं उकळायचं पातेलं करतात. डिपॉझिट भरून आणलेला केग आपला होत नाही हां, रीतसर विकत घेतलेलाच कापा. आधी व्हॉल्व्हमधला बॉल दाबून गॅस पूर्ण सोडायचा, वर जाड फडकं धरा आणि तोंड लांब ठेवा नाहीतर शिळ्या बिअरची आंघोळ होते (माझी झालीये), मग व्हॉल्व्ह धरून ठेवणारी रिंग काढून आतली नळी बाहेर. वरचं भोक साधारण १२ इंचाचं, पण त्यावर ठेवायचं झाकण हातात घेऊनच आखा. ग्राइंडरला स्टेनलेसची कोरी पातळ डिस्क लावा, लोखंडावर वापरलेली लावली तर कडेला गंज धरतो. आणि कापलेली कड ब्लेडसारखी असते, कानशीने नीट घासा.