मागे पडलेलं मूल धड्यात कसं आणावं

‘याला काही येत नाही’ हे वाक्य शाळेत फार सहज बोललं जातं. मीही बोलले आहे. त्याऐवजी ‘हा नेमका कुठे अडतो?’ असं विचारायला लागले, तेव्हा कुठे माझं काम सुरू झालं. खालच्या गोष्टी दुसरी ते पाचवीच्या वर्गासाठी आहेत.

आधी आठ दिवस नुसतं पाहा. एक वही करा आणि तारीख टाकून नोंदी ठेवा. ‘वाचन कच्चं’ असं लिहून काही कळत नाही. ‘भ आणि म यांत गल्लत, वेलांटी उलट्या बाजूला, पण ऐकलेली गोष्ट पूर्ण सांगतो’ असं लिहिलं तर कळतं. अशी नोंद महिनोन्‌महिने तशीच राहिली तर वाचनाच्या अक्षमतेची शंका घ्यावी. पण त्याआधी डोळे आणि कान. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोराला कधीकधी फळाच दिसत नसतो. कान वाहत असेल तर आपलं बोलणं त्याला अर्धंमुर्धंच ऐकू येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी ही वही डॉक्टरांसमोर ठेवा.

मग भाषा. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. खान्देशात कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या लेवा गणबोली, शहाद्याकडे गुजरी, धडगाव-अक्कलकुव्याला पावरी नाहीतर भिली. पुस्तकातली मराठी या मुलांना शाळेतच पहिल्यांदा भेटते. घरी ‘आठे-तठे’ ऐकत वाढलेलं पोर ‘येथे कोणती संख्या येईल?’ वाचून गप्प बसलं, तर त्याला गणित येत नाही असं लगेच ठरवू नका. तोच प्रश्न बोलीत विचारा. तुम्हाला पावरी येत नसेल तर वर्गातल्याच एखाद्या मुलीला विचारायला सांगा. बोलीत उत्तर आलं तर अडचण भाषेची आहे. तिथेही अडलं तर शोध पुढे चालू ठेवा. आणि ‘माले समजनं नही’ म्हणणाऱ्याची भाषा त्या क्षणी अजिबात सुधारू नका. समजलं नाही हे सांगायचं धाडस त्याने केलंय, ते जपा. शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही लिहिलेलं आहे.

आता धडा. समजा गुणाकार शिकवायचाय. रावेर-यावलकडच्या पोरांना केळीचा घड ओळखीचा. ‘एका घडाला ६ फण्या, एका फणीत १२ केळी, तर एकूण किती?’ प्रश्न सगळ्यांना हाच. कुणी घडाचं चित्र काढेल, कुणी तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधेल, कुणी तोंडी सांगेल, कुणी थेट मांडणी करेल. कमी दिसणाऱ्या मुलाच्या हातात काड्या द्या, त्याला चाचपून मोजता येतं. एखाद्याला ६ आणि १२ जड जात असतील तर ३ फण्या, ५ केळी द्या. घड मात्र तोच. वेगळी वही देऊन त्याला कोपऱ्यात बसवलं, की तो त्या धड्यातून उठलाच म्हणून समजा.

वाचनात अडणाऱ्याला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उताऱ्याच्या चार ओळी आदल्या दिवशी देऊन ठेवा. ओळीखाली पट्टी धरू द्या. अक्षरं ताटलीतल्या ज्वारीच्या पिठात बोटाने गिरवून घ्या.

सूचना एका वेळी एकच द्या, तीही मुलांकडे तोंड करून. फळ्याकडे वळून बोललेलं, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पोचत नाही. चुळबुळ करणाऱ्याला दारापासून लांब बसवा आणि मधूनमधून फळा पुसायचं काम द्या.

तपासताना काय येतं ते बघा, कसं लिहिलं ते नंतर. विज्ञानाचं उत्तर तोंडी बरोबर आलं तर ते बरोबर धरा.

घरी जाल तेव्हा मुलाला काय जमतं ते आधी सांगा. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप संध्याकाळीच भेटतात, तेव्हाच जा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं नाव काढलं की बरेच जण बिचकतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचणही येते, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे त्यांना समजावून सांगा. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो तोही त्याच कागदावर. तपासणीसाठी तालुक्याच्या विशेष शिक्षकांना आधी गाठा. म्हणजे रुग्णालयाची फेरी वाया जात नाही.

जूनमध्ये वर्ग बदलेल तेव्हा ती नोंदवही पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या, आणि दहा मिनिटं शेजारी बसून एकेक पान दाखवा.