जोडीनृत्य शिकताना: पावले, पकड आणि शिष्टाचार

जोडीनृत्य शिकू लागलेल्याने पहिले काही आठवडे गिरक्यांच्या मागे न लागता ताल आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणे, एवढ्यावरच भर द्यावा. साल्सामध्ये ८ मात्रांपैकी १, २, ३ आणि ५, ६, ७ यांवर पाऊल पडते. ४ आणि ८ वर थांबायचे असते, आणि नेमका तिथेच नवख्याचा पाय घाईने पुढे सरकतो.

पुढाकार घेणाऱ्याने जोडीदाराला हाताने ओढू नये. आधी स्वतःच्या धडाचे वजन हलवावे, म्हणजे दिशा समोरच्याच्या तळहातापर्यंत आपोआप पोहोचते. अंगठ्याने बोटे आवळून धरली, तर गिरकीत मनगट मुरगळण्याची भीती असते, म्हणून पकड सैल ठेवावी. साथ देणाऱ्यानेही पुढची चाल ओळखल्याच्या आनंदात आधीच वळू नये.

नाचण्याविषयी सरळ विचारावे आणि नकार मिळाल्यास कारण विचारू नये. अर्जेंटाइन टँगोत ही विचारणा नजरेने व मानेच्या हलक्या हालचालीने होते. तिला काबेसेओ म्हणतात, आणि नकार चारचौघांत उघड होत नाही, ही तिची मोठी सोय आहे. तिथे जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकत असल्यामुळे मध्येच थबकल्यास मागच्यांची अडचण होते.

नाचता नाचता जोडीदाराला शिकवू लागणे हा मला सर्वांत असह्य वाटणारा दोष आहे. हात दुखत असेल तर मात्र तत्काळ सांगावे. घामाने भिजलेला सदरा मध्यंतरात बदलावा.