चार नोट्रम्पला उत्तर देताना

ब्रिजच्या बोलीत पार्टनरने ४ नोट्रम्पचे (नोट्रम्प म्हणजे हुकुमाशिवाय खेळायची बोली) कार्ड ठेवले की उत्तर देणाऱ्याने आपल्या हातातला हिशेब सांगायचा. स्लॅम (तेरापैकी बारा किंवा सगळे हात जिंकायची बोली) खेळायचा की थांबायचे, हे विचारणारा ठरवतो. तरीही काही ठिकाणी डोके उत्तर देणाऱ्यालाच चालवावे लागते, आणि स्लॅम बहुतेक तिथेच बुडतात.

आधी तो प्रश्न आहे का ते बघा. १ नोट्रम्पवर थेट ४ नोट्रम्प आले तर कोणी एक्के विचारलेले नाहीत. ते ६ नोट्रम्पचे आमंत्रण आहे: मोठ्या पानांचे १५ पॉइंट असतील तर पास, १७ असतील तर ६ नोट्रम्प. तिथे एक्के विचारायला ४ किलवर, म्हणजे गर्बर नावाची पद्धत. तिची उत्तरे, किती एक्के ते, पायरीने: ४ चौकट ० किंवा ४, ४ बदाम १, ४ इस्पिक २, ४ नोट्रम्प ३.

हुकूम ठरलेला असेल तर मात्र ४ नोट्रम्प कीकार्डे, म्हणजे स्लॅमसाठी मोजायची मुख्य पाने, विचारते. ईझली ब्लॅकवूडने १९३३ साली काढलेली मूळ पद्धत फक्त एक्के मोजायची. आता चार एक्के आणि हुकुमाचा राजा अशी पाच कीकार्डे धरतात. मेंढीकोटातून आलेल्यांचा जीव दहांवर असतो. इथे दहाला कोणी विचारत नाही, पण हुकुमाची राणी वेगळी मोजली जाते. १४३० पद्धतीची उत्तरे, किती कीकार्डे ते, अशी:

५ किलवर: १ किंवा ४
५ चौकट: ० किंवा ३
५ बदाम: २, राणी नाही
५ इस्पिक: २, राणीसकट

३०१४ मध्ये पहिली दोन उत्तरे उलटी होतात. धरमपेठेच्या पार्टनरशी १४३० आणि सिव्हिल लाइन्सच्या पार्टनरशी ३०१४ खेळत असाल तर डाव वाटायच्या आधी एकदा विचारून घ्या. दोघे वेगवेगळी पद्धत धरून बसले, की एक कीकार्ड सांगितलेले पलीकडे शून्य ऐकू येते.

समजा बोली पार्टनरचे १ इस्पिक, तुमचे ३ इस्पिक, पार्टनरचे ४ नोट्रम्प अशी झाली. तुमच्याकडे इस्पिक राजा-राणी-७-३, बदाम ८-५, चौकट एक्का-९-६-२, किलवर गुलाम-७-४. इस्पिकचा राजा आणि चौकटचा एक्का ही दोन कीकार्डे, शिवाय राणी. उत्तर ५ इस्पिक.

राणी हातात नसली तरी एका वेळी ‘आहे’ म्हणायचे असते: दोघांकडे मिळून हुकुमाची दहा पाने नक्की आहेत, हे तुम्हाला कळते तेव्हा. पार्टनरने पाच पानांवर इस्पिक उघडले आणि तुमच्याकडेही पाच आहेत, तर राणी बहुतेक वेळा एक्का-राजाखाली पडते. पार्टनरला तुमचे पाचवे पान दिसत नाही, म्हणून ते तुम्ही सांगायचे.

पहिल्या दोन उत्तरांत राणीचा पत्ता लागत नाही. इस्पिक हुकूम असेल तर ५ किलवरवर ५ चौकट, आणि ५ चौकटवर ५ बदाम, ही राणीची विचारणा. बदाम हुकूम असताना ५ चौकटवरचे ५ बदाम म्हणजे थांबा. तिथे राणी ५ इस्पिकने विचारतात. राणी नसेल तर हुकुमावर परत या, तेही सर्वांत खालच्या पातळीवर. असेल तर बाहेरच्या रंगातला सर्वांत स्वस्त राजा दाखवा. इस्पिक एक्का-राणी-८-३, बदाम राजा-९-४, चौकट ७-६, किलवर १०-८-५-२ या हातात आधी ५ किलवर, मग ५ चौकटला उत्तर ५ बदाम. बाहेर एकही राजा नसता तर ६ इस्पिक.

सगळ्यात महागडी चूक पुढची. तुमच्या ५ चौकटवर पार्टनर ५ इस्पिकला थांबतो, कारण तो ० धरून चालला आहे. तुमच्याकडे ३ असतील तर पास करायचा नाही, पुढे जायचे. १ की ४ मध्येही तसेच: ४ असतील तर थांबण्याचा मान ठेवू नका. तो मुळात तुमच्यासाठी नव्हताच.

रंगच नसणे म्हणजे एक्का नव्हे, तो मोजू नका. दाखवायचाच असेल तर २ कीकार्डांसोबत ५ नोट्रम्प; १ किंवा ३ असतील तर सहाच्या पातळीवर तोच रंग, आणि तो बोलीच्या क्रमात हुकुमाच्या वरचा असेल तर सहा हुकूम, म्हणजे सहाच्या पातळीवर हुकुमाचा रंग. शून्य कीकार्डांवर किंवा पार्टनरने स्वतः बोललेल्या रंगात हे करू नका. त्याच्या एक्का-राजापुढे तुमची रिकामी जागा फुकट जाते.

उत्तरानंतर पार्टनरने ५ नोट्रम्प म्हटले तर पाचही कीकार्डे आणि राणी दोघांत मिळून आहेत, हे त्याने कबूल केले. आता स्वस्तातला राजा दाखवा, नसेल तर सहा हुकूम. पण तुमच्याकडे राजा-राणी-गुलाम असा भरलेला सहा पानी रंग असेल तर सरळ सात बोला. त्याला ते हात मोजता येत नाहीत, तुम्हाला येतात. आणि ५ नोट्रम्पऐवजी ६ किलवरसारखा नवा रंग आला, तर त्या रंगात तिसऱ्या फेरीला तोटा होईल का, असे तो विचारतो. त्या रंगाची राणी किंवा दोनच पाने असतील तर सात हुकूम, तीन बारकी पाने असतील तर सहा.

विरोधक मध्ये घुसले, समजा ५ चौकट, तर डबल ० किंवा ३, पास १ किंवा ४, पुढची पायरी राणीविना २, त्यापुढची राणीसकट २. त्यांची बोली पाचच्या पातळीवरच्या हुकुमाच्याही वर गेली तर मोजणी सोपी: कीकार्डे सम असतील तर डबल, विषम असतील तर पास. त्यांनी ४ नोट्रम्पलाच डबल दिला तर रीडबल आणि पास वापरणाऱ्या जोड्या आहेत, पण नव्या जोडीने तो डबल नसल्यासारखे उत्तर द्यावे.

मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तोंडी बोली ऐकू येत नाही, म्हणून घरगुती टेबलावरही बिडिंग बॉक्स ठेवा. उत्तर देताना वेग सारखा ठेवा. पार्टनर विचार करत बराच वेळ थांबला आणि मग पाचवर आला, तर त्या थांबण्यावरून पुढे जाणे नियमात बसत नाही. तेव्हा फक्त आपली कीकार्डे मोजा: ० असतील तर पास, ३ असतील तर सहा.